टोपीवरचा खांब

हा लेख एका पितळी तुकड्याबद्दल आहे. महार रेजिमेंटच्या टोपीवरचा बिल्ला. त्यातला खरा कोणता, मागाहून केलेला कोणता, ते कसं ओळखायचं, एवढाच विषय. कुणी म्हणेल, घराचे, नोकरीचे, पोटाचे प्रश्न उभे आहेत आणि तुम्ही बिल्ले काय घासत बसलात? विचारा. विचारलंच पाहिजे. पण ज्यांच्या घरी बखरी नाहीत, सनदा नाहीत, वाड्याच्या भिंतीवर पणजोबांची तैलचित्रं नाहीत, त्यांच्या घरी पुरावा म्हणून काय असतं? पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, रिबन विटलेलं एखादं मेडल आणि टोपीवरचा बिल्ला. आपलं दफ्तर एवढंच.

तेही कुठं? घाटकोपरच्या रमाबाई नगरात, भांडुप-मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या चाळीत, अंधेरी-बोरिवलीच्या वस्तीत, पोटमाळ्यावर. पावसाळ्यात पाणी शिरलं की कागद आधी जातात. वाळवी लागली की फोटो जातात. पितळ राहतं. मग एक दिवस वस्ती पाडून बिल्डिंग उभी राहायची वेळ येते, सामान हलवताना सुनेला ती गंजकी ट्रंक नको असते, आणि पितळही भंगारवाल्याच्या तराजूत पडतं. किलोच्या भावानं. तिथून ते कुठं जातं ते पुढं सांगतो. आधी त्या तुकड्यावर काय कोरलंय ते बघू.

खांब कुठून आला?

भीमा कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ची. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सोबत काही घोडेस्वार आणि तोफखान्याचे थोडे गोलंदाज. सगळे मिळून आठशेच्या आसपास माणूस. समोर पेशव्याची फौज. लढाईनंतर कंपनी सरकारनं तिथं स्तंभ उभारला. त्याचा पाया १८२१ साली घातला गेला. स्तंभावर पडलेल्यांची नावं कोरली, त्यात पलटणीची ४९ नावं, आणि त्यातल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. 'नाक' म्हणजे आपली माणसं. बाकीच्या नावांत इतर जातीधर्माचे शिपाई आहेत. तेही मेलेच. बावीस म्हणजे बावीस सांगावं. आकडा फुगवायची गरज आपल्याला नाही. दगडावर कोरलेले बावीस पुरेसे आहेत.

पण पुढची गोष्ट ध्यानात घ्या. त्या पलटणीला पराक्रमाबद्दल 'ग्रेनेडियर्स'चा मान मिळाला आणि कोरेगावच्या लढाईचा वारसा पलटणीकडेच राहिला. माणसं मात्र बाहेर गेली. १८९२-९३ च्या सुमारास सरकारनं महारांची लष्करभरतीच बंद केली. लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढवय्या जाती'चं खूळ निघालं. पंजाबी लढवय्या, पठाण लढवय्या, गुरखा लढवय्या. आणि ज्याच्या आज्याचं नाव स्तंभावर आहे तो एकाएकी लढवय्या राहिला नाही! बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला, सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी. पोर पाळण्यातून उतरतंय न उतरतंय तोच त्याच्या जातीच्या तोंडावर छावणीचं दार लागलं.

मग सुरू झाले अर्ज. गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त लष्करी माणूस, दापोलीच्या अनार्य दोषपरिहारक मंडळीतर्फे १८९४ साली अर्ज. शिवराम जानबा कांबळे, १९१० साली थेट लंडनच्या भारतमंत्र्याकडे अर्ज. आमच्या बापजाद्यांनी तुमच्यासाठी रक्त सांडलं, आम्हाला परत घ्या. वाचताना आज अंगावर काटा येतो आणि थोडी लाजही वाटते, की न्याय मागायला परक्याच्या दारात जावं लागलं. पण घरच्यांनी कोणतं दार उघडं ठेवलं होतं?

पहिलं महायुद्ध आलं, माणूस कमी पडू लागला, तेव्हा सरकारला महार आठवला. १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१ साली पलटण मोडली. चार वर्षांचा संसार. शिपाई पुन्हा गावी, पुन्हा गावकीत, येसकराची काठी हातात.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावला स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाड. महाडच्या परिषदेत कोकणातली पेन्शनर मंडळी होती, हे विसरू नका. कवायत केलेली माणसं होती ती. आणि मग दुसरं महायुद्ध. १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या डिफेन्स ॲडव्हायझरी कमिटीवर आले, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला. १९४२ मध्ये पंचविसावी बेळगावला आणि तिसरी नौशेऱ्याला. युद्धकाळातल्या पलटणी या चारच. युद्ध संपल्यावर पंचविसावी मोडून तिची माणसं उरलेल्या तिघींत वाटली.

नव्या रेजिमेंटला बिल्ला हवा. दुसऱ्या पलटणीत कॅप्टन मोर्टलमन्स नावाचा एक अधिकारी होता. त्यानं तो आखला. त्यात त्यानं काय ठेवलं? सिंह नाही, वाघ नाही, मुकुट नाही. कोरेगावचा खांब ठेवला आणि खाली शब्द लिहिला, महार.

थांबून विचार करा. गावात ज्या शब्दानं हाक मारली की माणूस अंग चोरून उभा राहायचा, तो शब्द पितळेत उठवून कपाळाच्या वर लावला होता. ज्या स्तंभाचा वारसा दुसऱ्या पलटणीकडे गेला होता, तो स्तंभ दुसऱ्या दारानं घरी परत आला होता. पन्नास वर्षांच्या अर्जांना मिळालेलं ते पितळी उत्तर होतं. साम्राज्यानं स्वतःच्या गरजेसाठी दिलेलं, हेही खरं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही सांगितलं पाहिजे.

बिल्ल्याचे तीन काळ

आता ओळखायचं कसं ते. सगळ्यात आधी धातू बघू नका, भिंग घेऊ नका. आधी चित्र वाचा आणि साल जुळवा. निम्मा खोटा माल इथंच पकडला जातो.

पहिला काळ १९४१ ते १९४६. खांब आणि 'महार' हा शब्द. मशीनगन नाही.

दुसरा काळ ऑक्टोबर १९४६ पासून. रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली, केंद्र कामठीला आलं. बिल्ला बदलला. खांबावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आणि खाली फितीवर 'द महार एमजी रेजिमेंट'. एमजी म्हणजे मशीनगन.

तिसरा काळ स्वातंत्र्यानंतरचा. मशीनगनी राहिल्या, खांब गेला. खांबाच्या जागी खंजीर आला. साठच्या दशकात रेजिमेंट पुन्हा साधं पायदळ झाली, तेव्हा नावातलं 'एमजी' गेलं. आज रेजिमेंटचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे आणि तिच्यात देशभरातले सगळ्या जातीधर्मांचे जवान आहेत.

हे तीन काळ पाठ करा. मग कुणी दोन मशीनगनींचा बिल्ला दाखवून म्हणाला, 'हा १९४२ चा, ब्रह्मदेशाच्या लढाईतला', तर त्याला म्हणा, बाबा, मशीनगनी तेव्हा बिल्ल्यावर आल्याच नव्हत्या. कुणी खंजिराचा बिल्ला महायुद्धातला म्हणून विकत असेल तर तेच. कुणी खांब आणि एलिझाबेथ राणीचा मुकुट एकत्र दाखवला तर हसून पुढं चला. राणी गादीवर आली १९५२ साली, भारत प्रजासत्ताक झाला १९५० साली. भारतीय पलटणीच्या टोपीवर तिचा मुकुट येईल कुठून? '१११ महार' नावाचं काही दिसलं तर दहादा तपासा. चार वर्षं जगलेल्या पलटणीचं सामान ढिगानं निघत नसतं.

आणि सगळ्यात मोठी थाप. 'कोरेगावच्या लढाईतल्या शिपायाचा बिल्ला.' त्यावर खांब! अरे, खांब उभा राहिला लढाईनंतर, लढाईत पडलेल्यांसाठी. लढणाऱ्याच्या डोक्यावर तो आधीच कसा असेल? एवढा साधा प्रश्न विचारला तरी दुकानदाराची जीभ अडखळते.

धातू काय सांगतो

चित्र आणि साल जुळलं की मग हातात घ्या.

पलटणीचे चांगले बिल्ले डायवर ठोकून बनवत. पोलादी डायमध्ये उलटं चित्र कोरलेलं, त्यावर पितळेचा पत्रा, वरून प्रेसचा जबर दाब. त्यामुळं रेषा धारदार उठतात, मागच्या बाजूला पुढच्या चित्राची खोलगट उलटी प्रतिमा दिसते, पृष्ठभाग गुळगुळीत असतो. चित्राच्या मधल्या मोकळ्या जागा पंचानं कापून काढतात. त्या कापाच्या आतल्या भिंतीवर उभ्या बारीक रेघा असतात. पत्रा कात्रीनं कापल्यावर येतात तशा.

नकल करणारा डाय कोरत बसत नाही. डाय महाग. तो एखादा खरा बिल्ला मिळवतो, वाळूत किंवा रबरात त्याचा ठसा घेतो आणि पितळ ओततो. ओतीव कामाची चिन्हं कुठल्याही ओताऱ्याला विचारा, तो सांगेल. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं, हवेचे बुडबुडे फुटलेले. अक्षरांचे कोपरे गोल, साबण झिजल्यासारखे. कडेनं दोन साच्यांची शिवण, ती घालवायला मारलेली कानस. मधल्या मोकळ्या जागा कधी पितळानंच भरलेल्या, कधी कानशीनं कशाबशा उघडलेल्या. पाठ सपाट किंवा खरबरीत, आणि वजन जास्त, कारण पातळ पत्र्याच्या जागी जाड धातू भरलेला.

आणखी एक युक्ती आहे, तिला भिंगही लागत नाही. पितळ थंड होताना आकसतं, शंभर भागांत साधारण दीड-दोन भाग. म्हणून खऱ्या बिल्ल्यावरून ओतलेली नकल खऱ्यापेक्षा किंचित लहान होते. नकलेची नकल आणखी लहान. खात्रीचा बिल्ला कागदावर ठेवून टोकदार पेन्सिलीनं त्याची कड आखा. संशयाचा बिल्ला त्या आखणीत ठेवा. चहूबाजूंनी सारखी फट राहिली की समजा, हा पोटचा नाही, साच्यातला आहे.

मग पाठ. आपल्याकडच्या बिल्ल्यांना बहुधा मागे दोन कड्या असत, त्यातून दुभंगलेली पितळी पिन घालून तो टोपीत बसवत. ब्रिटिश बिल्ल्यांना पुष्कळदा उभी पट्टी असते, ती टोपीच्या खाचेत सरकवायची. खऱ्या कडीची तार बारीक, नीट जोडलेली, डाग जुना पडलेला. नकलेत कडी बिल्ल्याबरोबरच ओतलेली असली तर तिच्या मुळाशी धातूचा गोळा दिसतो, नाहीतर नव्या कथलाचा चकचकीत ठिपका. शाळेच्या बिल्ल्यासारखी सेफ्टी पिन असली तर बोलायलाच नको. लोहचुंबक लावून बघा. पितळाला चुंबक धरत नाही. धरला तर आत लोखंड आहे, वर पितळेचा मुलामा.

पाठीवर कारखान्याचं नाव दिसलं म्हणून भुलू नका. बर्मिंगहॅमची गॉन्ट ही बिल्ले करणारी जुनी नामांकित फर्म. तिचं नाव खोट्या मालाच्या पट्टीवरही ठोकलेलं सापडतं. नाव ठोकायला काय लागतं? आणि विलायतेत एक वेगळाच प्रकार झाला. जुन्या पलटणींच्या डाय नंतर खाजगी हातांत गेल्या आणि त्याच डायवर नव्यानं बिल्ले ठोकले गेले. डाय खरी, बिल्ला मागाहूनचा. अशा वेळी चित्रावरून काही कळत नाही. धातूचा रंग, कड्या आणि झीज यांवरच भिस्त.

झीज खोटं बोलत नाही

बिल्ला रोज घासला जाई. परेडला डाग दिसला की शिक्षा. शिपाई ब्रासोनं घासे, घरी आल्यावर आई-बायको चिंच आणि राखेनं. वर्षानुवर्षं घासून उंच भाग झिजतो. खांबाची कड, अक्षरांची माथी गुळगुळीत होतात, खोलगट कोपरे मात्र तसेच तीक्ष्ण राहतात आणि तिथं पॉलिशचा हिरवट-पांढरा मळ दगडासारखा बसतो. पाठ झिजत नाही, कारण पाठ कुणी घासत नाही. तिथं काळसर तपकिरी रंग सावकाश चढलेला असतो.

नकली म्हातारपण वेगळं. तेजाबात बुडवलं की सगळीकडे सारखा रंग येतो, पुढं-मागं, उंच-खोल. कोपऱ्यातला हिरवा गंज नखानं सुटतो. ड्रममध्ये खड्यांबरोबर फिरवलं की झीज सगळीकडे सारखी होते, पाठीवरसुद्धा. माणूस काय सगळीकडून सारखा म्हातारा होतो का? कष्टकऱ्याचे हात आधी म्हातारे होतात. बिल्ल्याचंही तसंच.

पण ओबडधोबड म्हणजे खोटा नव्हे

आता जे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथं आपल्याच माणसाचं नुकसान होतं.

वर जी लक्षणं दिली ती बर्मिंगहॅमच्या चष्म्यातली आहेत. हिंदुस्थानातल्या पलटणींना सगळा माल विलायतेहून येत नसे. छावणीच्या बाजारात कारागीर असत. ओतारी, तांबट, कासार. पलटणीचे बिल्ले पुष्कळदा त्यांच्याकडून करून घेत. वाळूत ओतलेले, कानशीनं साफ केलेले, दोन बिल्ले एकमेकांशी तंतोतंत न जुळणारे. शिपायाचा हरवला तर बाजारातनं दुसरा करून घ्यायचा. त्यातून युद्धाचा काळ. पितळ तोफगोळ्यांना हवं होतं. ब्रिटनमध्ये १९४२ च्या सुमारास काही पलटणींचे बिल्ले प्लॅस्टिकचे केले होते, मग बेळगाव-कामठीला नव्या उभ्या राहिलेल्या गरीब पलटणीला चकाचक माल कोण देणार?

म्हणून कुणी संग्राहक भिंगातनं बघून म्हणाला, 'हा ओतीव आहे, खोटा आहे, पन्नास रुपये देतो', तर घाई करू नका. ओतीव असणं वेगळं आणि खोटा असणं वेगळं. बाजारातल्या ओताऱ्यानं १९४३ साली शिपायासाठी ओतलेला बिल्ला खरा आहे. कालपरवा डायवर सुबक ठोकून १९४३ चा म्हणून विकलेला बिल्ला खोटा आहे. खरेपणा सुबकपणात नसतो. ही गोष्ट आपल्याला वेगळी शिकवायला नको. आपली भाषा अशुद्ध म्हणून खोटी, आपला देव ओबडधोबड म्हणून खोटा, आपला इतिहास छापील नाही म्हणून खोटा, हे ऐकत आपण मोठे झालो.

मग ओबडधोबड बिल्ल्याचा निवाडा कसा लावायचा? झिजेवरनं. आकारावरनं, म्हणजे खात्रीच्या बिल्ल्यापेक्षा सगळीकडून सारखा लहान आहे का त्यावरनं. आणि सोबतच्या गोतावळ्यावरनं. बिल्ला मुका असतो. त्यावर ना नाव ना नंबर. मेडल बोलतं. पहिल्या महायुद्धाच्या मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लढणाऱ्या शिपायाला चांदीचं मेडल मिळालं, हमाल आणि मजूर तुकड्यांतल्या पुष्कळ हिंदी माणसांना तेच मेडल कांस्याचं. म्हणजे मेडलच्या धातूतही वर्ण होताच! कडेवरचं नाव घासून दुसरं नाव कोरलेलं असेल तर तेवढ्या जागी कड पातळ लागते, बोटाला कळतं. बिल्ला, मेडल, डिस्चार्ज बुक आणि म्हातारीच्या तोंडची हकीकत, ही चारही जुळली की कुणाच्या सर्टिफिकेटची गरज नाही.

ट्रंकेतले दुसरे बिल्ले

ट्रंक उघडल्यावर आणखी एक घोळ होतो. जो पितळी बिल्ला दिसेल तो लष्करी, असं घरचे धरून चालतात. तसं नसतं. स्टेशनावरच्या हमालाचा नंबरचा बिल्ला असतो. म्युनिसिपालिटीच्या कामगाराचा असतो. गोदीतल्या, गिरणीतल्या माणसाचा असतो. निवृत्त शिपाई मुंबईत येऊन कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला, त्याच्या टोपीवरचा असतो. समता सैनिक दलाचा असतो. नुसता आकडा आणि खात्याचं नाव असेल तर तो बहुधा कामाच्या जागेचा.

पोरांचा चेहरा उतरतो. 'म्हणजे आज्या मिलिटरीत नव्हता?' असेल, नसेल. पण गटारात उतरून ज्यानं ही मुंबई साफ ठेवली त्याचा बिल्ला खोटा आहे का? तोही तितकाच खरा आहे. त्याला लष्करी म्हणून खपवायचा नाही आणि लाजून फेकायचाही नाही. जे आहे ते नाव लावून ठेवायचं.

बाजार

आता भंगारातनं पितळ कुठं जातं ते. काही वितळतं. काही निवडून चोरबाजारात जातं, मटन स्ट्रीटच्या दुकानांत. तिथनं ते संग्राहकाकडे, देशात किंवा परदेशात. खांबाच्या बिल्ल्याला मागणी आहे, कारण तो थोडी वर्षं चालला आणि नंतर खांब गेला. मागणी आली की माल येतो, आणि खरा माल संपला की ओतीव माल येतो. आता तर घरबसल्या फोटो बघून खरेदी होते. फोटोत वजन कळत नाही, पाठ दाखवत नाहीत, झीज दिसत नाही.

दुसरी मागणी आपलीच आहे. १ जानेवारीला कोरेगावला, ६ डिसेंबरला दादरला स्टॉल लागतात. पुस्तकं, मूर्ती, कॅलेंडरं आणि बिल्ले. पोरांना छातीवर खांब हवा असतो. हवाच. रेजिमेंटच्या टोपीवरनं तो उतरवला गेला, तर आम्ही छातीवर लावू, ही भावना मला कळते. नवा बिल्ला नवा म्हणून विकला, नवा म्हणून लावला, तर त्यात काडीचं पाप नाही. तो आजच्या माणसाचा बिल्ला आहे आणि आणखी पन्नास वर्षांनी तोही इतिहास होईल. पाप होतं ते तोच बिल्ला तेजाबात काळा करून 'माझ्या पणजोबाचा' म्हणून मिरवण्यात किंवा विकण्यात.

कारण हा आता पितळेचा प्रश्न राहिलेला नाही. कोरेगाववर वाद पेटलेला आहे. लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १ जानेवारी २०१८ ला, तिथं जमलेल्या लोकांवर हल्ले झाले. त्यानंतर स्तंभ कुणाचा, लढले कोण, जिंकलं कोण, यावर पोतंभर कागद लिहिले गेले. समोरचा टपून बसलाय. आपल्या हातातली एक वस्तू खोटी निघाली की तो एका वस्तूला खोटं म्हणत नाही, सगळ्यांनाच म्हणतो. मग नौशेऱ्याला थंडीत पहारा केलेल्या माणसाचा खरा बिल्लाही त्या एका खोट्यापायी बाद. खोटा बिल्ला शत्रूला फसवत नाही, तो आपल्याच शिपायाला दुसऱ्यांदा फौजेतनं काढतो.

आणि खऱ्या खांबाची गरज आज जास्त आहे. खांब बिल्ल्यावरनं गेला त्याबद्दल गावात दवंडी पिटली गेली नाही. महार रेजिमेंटच्या टोपीवर कधी काळी कोरेगावचा स्तंभ होता, हे आपल्याच शिकलेल्या पोरांतल्या किती जणांना माहीत आहे? पुस्तकात दोन ओळी सापडतील. पण १९४१ चा तो पितळी तुकडा हातात दिला की वाद मिटतो. खांब आहे, खाली 'महार' लिहिलंय. बघ, हात लावून बघ.

तेव्हा काय करायचं?

ट्रंक उघडा. बिल्ला सापडला तर त्याला ब्रासो लावू नका, चिंच लावू नका, सोनाराकडे मुलामा द्यायला नेऊ नका. त्याच्यावरचा मळ ही त्याची साक्ष आहे. सुती फडक्यात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. पुढचा आणि पाठचा फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे माप कळेल. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. शिपायाचा नंबर वेगळा लिहून ठेवा. त्या नंबरावर पुढं सगळं शोधता येतं.

घरातली म्हातारी आज्जी जिवंत असेल तर तिला विचारा. 'त्यांनी कधी दाखवला होता? कुठं लावायचे? कोणत्या गावी होते?' ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. तारखा चुकतील. चुकू द्या. तारखा कागदावरनं मिळतील, तिचे शब्द पुन्हा मिळायचे नाहीत.

वस्तीत चार घरी असं सापडलं तर एक वही करा. कुणाचा, कुठला, कोणत्या काळातला, काय झिजलंय, काय तुटलंय. वस्तू ज्याची त्याच्या घरी राहू दे, वही सगळ्यांची. आणि संशयाचा बिल्ला असेल तर त्यापुढं 'संशय' असं स्पष्ट लिहा. लाजू नका. ज्या वहीत 'संशय' लिहायची हिंमत आहे, त्याच वहीतलं 'खरा' हे अक्षर उद्या कोर्टात आणि इतिहासात टिकेल.

विकायची पाळी आली तर? येते. औषधाला पैसे नसतात, फी भरायची असते. विकणाऱ्याला नावं ठेवायचा हक्क भरल्या पोटाला नाही. पण विकण्याआधी फोटो आणि माप घ्या, आणि किलोच्या भावानं देऊ नका. बावीस नावांचा दगड तिथं कोरेगावला सरकारच्या राखणीत आहे. हा पितळी तुकडा राखायला सरकार येणार नाही.

जयभीम.